तेलाच्या थेंबाथेंबाचा हिशेब : रुडॉल्फ डिझेल यांचे चरित्र

ज्याचे नाव रोज कोट्यवधी लोकांच्या तोंडी येते, आणि तरीही ते मुळात एका माणसाचे नाव होते हे त्यांतील फार थोड्यांस ठाऊक असते, असे पुरुष जगाच्या इतिहासात विरळा. रुडॉल्फ डिझेल हे अशांपैकी एक होत. घाट चढणारी मालमोटार, शेतातील पाण्याचे इंजिन, समुद्र ओलांडणारी प्रचंड जहाजे ही ज्या यंत्रावर चालतात त्यास त्यांचे नाव आहे. इतकेच नव्हे, तर त्या यंत्रात जळणाऱ्या तेलासही लोकांनी तेच नाव देऊन टाकले. माणूस मागे पडला, नाव तेवढे उरले. त्या माणसाची हकिकत आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या पालकांस सादर करावी, असे आम्ही योजिले आहे.

डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस शहरी झाला. आईबाप मात्र जर्मन होते. वडील थिओडोर हे मूळचे ऑग्सबर्गचे. पुस्तकबांधणी व चामड्याच्या नाजूक वस्तू बनविणे हा त्यांचा धंदा. घरची स्थिती बेताची. लहानगा रुडॉल्फ वडिलांनी तयार केलेला माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांकडे पोचवीत असे, आणि सवड सापडली की घराजवळच असलेल्या यंत्रसंग्रहालयात जाऊन तेथील जुनी यंत्रे न्याहाळीत बसे. क्यून्यो नामक फ्रेंच मनुष्याने अठराव्या शतकात बनविलेली वाफेची गाडी त्या संग्रहालयात ठेविलेली होती.

१८७० साली फ्रान्स व प्रशिया यांच्यामध्ये युद्ध जुंपले आणि पॅरिसमधील जर्मन कुटुंबांस शहर सोडणे भाग पडले. डिझेल कुटुंब लंडनास गेले. परंतु तेथे पोट भरण्याची मारामार. तेव्हा बारा वर्षांच्या रुडॉल्फास आईबापांनी ऑग्सबर्ग येथे बार्निकेल नावाच्या आप्तांकडे धाडून दिले. बार्निकेल हे तेथील उद्योगशाळेत गणित शिकवीत. परक्या घरी, आईबापांवाचून वाढणारे हे पोर अभ्यासात असे काही रमले की १८७३ साली ते शाळेतून पहिल्या क्रमांकाने बाहेर पडले. आणि १८७५ मध्ये म्यूनिच येथील यंत्रविद्येच्या महाविद्यालयात शिष्यवृत्ती मिळवून दाखल झाले.

म्यूनिचमध्ये त्यांस कार्ल लिंडे हे गुरू लाभले. बर्फ तयार करण्याच्या यंत्रांमुळे ज्यांचे नाव पुढे जगभर झाले, तेच हे लिंडे. एके दिवशी वाफेच्या यंत्राविषयी व्याख्यान देताना त्यांनी विद्यार्थ्यांस एक हिशेब समजावून सांगितला. कोळशात जी उष्णता असते, तिच्यापैकी शेकडा सहा ते दहा भागच काय ते यंत्राकडून कामात उतरतात. बाकीची सारी धुराड्यावाटे, वाफेवाटे व थंड करण्याच्या पाण्यावाटे निघून जाते. शंभर रुपयांचा कोळसा जाळावा आणि पदरात दहा रुपयांचेही काम पडू नये, असा हा प्रकार! वर्गातील इतर विद्यार्थ्यांनी हा आकडा टिपून घेतला व परीक्षेपुरता ध्यानी ठेविला असेल. डिझेल यांच्या मनात तो काट्याप्रमाणे रुतून बसला. फ्रान्समधील सादी कार्नो यांनी १८२४ साली उष्णतेपासून जास्तीत जास्त काम किती मिळू शकते याचे शास्त्र मांडले होते. त्या शास्त्राच्या जवळ जाईल असे यंत्र आपण बनवावे, हा ध्यास डिझेल यांनी तेव्हापासून घेतला. या एका व्याख्यानाने त्यांच्या पुढील सबंध आयुष्याची दिशा ठरली, असे म्हणावयास हरकत नाही.

१८७९ च्या परीक्षेच्या वेळी ते विषमज्वराने अंथरुणास खिळले. मधल्या काळात त्यांनी स्वित्झर्लंडमधील झुल्झर बंधूंच्या कारखान्यात हात काळे करून काम शिकून घेतले, आणि १८८० च्या जानेवारीत परीक्षा देऊन उत्तम गुण मिळविले. मग लिंडे यांच्या बर्फाच्या कारखान्यासाठी ते पुन्हा पॅरिसास गेले. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे तीन अपत्ये झाली. दिवसा नोकरी व रात्री प्रयोग असा क्रम वर्षानुवर्षे चालला. वाफेऐवजी अमोनियाच्या वायूवर यंत्र चालवून पाहण्यात कित्येक वर्षे खर्ची पडली, पण त्यातून हाती काही लागले नाही.

अखेर त्यांस जी वाट सुचली, ती समजण्यास सोपी आहे. सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, हे आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अनुभविले असेल. हवा दाबली की ती तापते. ती पुरेशी जोराने दाबली तर इतकी तापेल की तीत तेलाचा फवारा सोडताच तो ठिणगीवाचून आपोआप पेट घेईल. आणि जितका दाब अधिक, तितके पेटलेल्या वायूस फुगावयास अधिक वाव. तितकी उष्णता बाहेर फेकली जाण्यापूर्वी दट्ट्यास ढकलण्याच्या कामी येणार. डिझेल यंत्र कमी तेलात अधिक काम का देते, याचे मुख्य मर्म एवढेच आहे. या कल्पनेचे पेटंट त्यांस २३ फेब्रुवारी १८९३ रोजी मिळाले, आणि त्याच वर्षी त्यांनी आपल्या यंत्राची उपपत्ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. इंग्लंडातील हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्ट्यूअर्ट यांनीही १८९० मध्ये तेलाच्या यंत्राचे पेटंट घेतलेले होते. परंतु त्यात तेल पेटण्यास बाहेरून तापविलेल्या भागाची मदत लागे. केवळ दाबाच्या बळावर तेल पेटविण्याचे श्रेय आमच्या मते डिझेल यांसच दिले पाहिजे.

मात्र कागदावर मांडलेले गणित लोखंडात उतरविणे ही निराळीच गोष्ट. पुस्तकात त्यांनी अडीचशे वातावरणांचा दाब गृहीत धरिला होता. ऑग्सबर्गच्या यंत्रकारखान्याचे मुख्य हाइनरिख फॉन बुझ यांनी असला दाब पाहून प्रथम नकारच दिला. डिझेल यांनी आपला आग्रह कमी केला तेव्हा बुझ राजी झाले, आणि क्रुप यांच्या प्रसिद्ध कारखान्यानेही पैसा पुरविण्याचे कबूल केले. शेवटी जे यंत्र यशस्वी झाले, त्यातील दाब पुस्तकातील आकड्याच्या अष्टमांशाच्या जवळपास होता. स्वतःच छापलेले गणित चुकते आहे असे दिसताच ते बदलण्यास या मनुष्याने मागेपुढे पाहिले नाही, हा त्यांचा गुण आम्हांस त्यांच्या बुद्धीहूनही मोठा वाटतो.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या यंत्रात प्रथमच तेल सोडण्यात आले. तत्क्षणी मोठा स्फोट झाला आणि दाब मोजण्याच्या उपकरणाच्या ठिकऱ्या उडाल्या. जवळ उभे असलेले लोक थोडक्यात बचावले. दुसरा कोणी असता तर खचला असता. डिझेल यांनी मात्र यातून हवेच्या दाबाने तेल पेटते एवढे तरी सिद्ध झाले, असा अर्थ काढिला. पुढे १७ फेब्रुवारी १८९४ रोजी ते यंत्र एक मिनिटभर आपल्याच बळावर फिरले. तोवर कारखान्याच्या पट्ट्याने ते फिरवावे लागे. त्या दिवशी पट्टा एकाएकी उलट ओढला जाऊ लागला आहे, हे तेथील लिंडर नामक कारागिराच्या नजरेस प्रथम आले, आणि त्याने न बोलता डोक्यावरील टोपी काढिली, असे सांगतात.

त्यानंतरची तीन वर्षे कष्टाची. दट्ट्याच्या कड्यांतून, ज्यांस फिटर लोक रिंगा म्हणतात, दाबलेली हवा निसटे. तेलाचा फवारा पुरेसा बारीक होत नसे. मग ते अर्धवट जळून काळा धूर निघे. तेल कोणत्या क्षणी सोडावे याचाही मेळ बसत नसे. डिझेल प्रत्येक प्रयोगाची नोंद वहीत करीत. एका वेळी एकच गोष्ट बदलीत आणि काय फरक पडतो ते पाहत. फवाऱ्याचा प्रश्न त्यांनी तूर्त असा सोडविला की, तेल जोरदार हवेच्या झोतासह आत ढकलावयाचे. त्यासाठी यंत्रास हवा दाबणारे दुसरे यंत्र जोडावे लागे, त्यामुळे ते बोजड झाले. पण चालू लागले.

१७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्यूनिचचे प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी या यंत्राची रीतसर परीक्षा घेतली. ही परीक्षा थोडी तपशिलाने सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. यंत्र किती सुंदर दिसते, किती आवाज करते, यास त्यात महत्त्व नव्हते. किती तेल आत गेले ते तोलावयाचे. चाकावर ब्रेक लावून किती काम बाहेर आले ते मोजावयाचे. थंड करणाऱ्या पाण्यावाटे व धुरावाटे किती उष्णता निसटली तेही पाहावयाचे. जमा एका बाजूस, खर्च दुसऱ्या बाजूस. उत्तर आले ते असे : एका अश्वशक्तीने तासभर काम करण्यास २३८ ग्रॅम दिव्याचे तेल, म्हणजे आपले रॉकेल, लागले, आणि तेलातील उष्णतेपैकी शेकडा २६.२ भाग कामात उतरले. लिंडे यांच्या व्याख्यानातील सहा ते दहा कोठे आणि हे सव्वीस कोठे! आज मोठ्या जहाजांवरील डिझेल यंत्रे जवळजवळ निम्मी उष्णता कामी लावितात. तथापि त्या वाटेवरील पहिले मोठे पाऊल ते हेच.

येथे चरित्राचा धागा क्षणभर सोडून आम्ही पालकांशी थोडे बोलू इच्छितो. ज्यांच्या घरी दहा-पंधरा वर्षांची डिझेल मोटार आहे, त्यांची नित्याची तक्रार अशी की, गाडी पूर्वीसारखे ॲव्हरेज देत नाही. मग मिस्त्री सांगेल तो भाग बदलावयाचा, गुण आला नाही की दुसरा बदलावयाचा. खिसा रिकामा होतो व रोग तसाच राहतो. श्रोटर यांनी जे केले ते आधी करावे. टाकी काठोकाठ भरून मीटरवरील आकडा लिहून ठेवावा. नेहमीच्या रस्त्याने तीनचारशे किलोमीटर गाडी चालवावी. मग त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरून किती लिटर बसले ते पाहावे. असे दोनतीन वेळा केल्यावाचून गाडी खरोखर जास्त पिते की आपणांस तसे वाटते, हे कळत नाही. पुष्कळदा गाडी तीच असते; रस्त्यावरील गर्दी वाढलेली असते.

तूट खरी ठरली तर पुढचा प्रश्न : उष्णता जाते कोठे? प्रथम यंत्राबाहेर पाहावे, कारण ते फुकट आहे. टायरांत हवा कमी असेल किंवा ब्रेक चाकास चिकटून राहत असेल, तर यंत्राने दिलेले काम रस्त्यावरच वाया जाते. थोडा प्रवास करून गाडी थांबविल्यावर एकच चाक इतरांहून अधिक तापलेले लागले, तर चोर तेथेच सापडला. डिझेलचा वास येत असेल तर नळ्या तपासाव्यात. यंत्राच्या उष्णतेचा काटा कितीही चालविले तरी मध्यापर्यंत चढत नसेल, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला असण्याचा संभव आहे. थंड यंत्र अधिक तेल खाते. यानंतर धुराकडे पाहावे. धूर काळा असेल तर तेलाच्या मानाने हवा अपुरी पडते, किंवा फवारा नीट होत नाही : एअर फिल्टर धुळीने बुजलेला असेल, टर्बोची नळी फाटली असेल, किंवा नोजल फवारा सोडण्याऐवजी थेंब गाळीत असेल. यंत्र तापल्यावरही निघणारा पांढरट, डोळ्यांस झोंबणारा धूर म्हणजे न जळलेले तेल. तेल सोडण्याची वेळ चुकली असेल किंवा दाब कमी पडत असेल. निळसर धुरात यंत्राचे वंगणतेल जळत असते. सकाळी गाडी सुरू होण्यास फार वेळ घेते आणि वंगणतेलाचे झाकण उघडताच आतून वाफारा जोराने येतो, अशी दोन्ही लक्षणे एकत्र दिसली तर रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा व दाब मोजून घ्यावा. निसटणारी हवा, बिघडलेला फवारा, चुकलेली वेळ : ऑग्सबर्गच्या कारखान्यात डिझेल यांस ज्या शत्रूंनी छळिले, तेच जुन्या गाडीत म्हातारपणी परत येतात. आणि औषधही त्यांचेच : एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि पुन्हा मोजावे.

आता पुन्हा चरित्राकडे वळू. १८९७ च्या परीक्षेनंतर डिझेल यांच्या घरी लक्ष्मी धावत आली. अमेरिकेतील श्रीमंत मद्योत्पादक अ‍ॅडॉल्फस बुश यांनी त्या देशापुरते हक्क दहा लाख मार्कांस विकत घेतले. इतर देशांतूनही मागण्या आल्या. चाळिशीच्या आतच डिझेल लक्षाधीश झाले. परंतु यंत्र अद्याप पुरते तयार झालेले नव्हते. १८९८ मध्ये केम्प्टन गावच्या आगकाड्यांच्या कारखान्यात पहिले यंत्र बसविले (ज्या यंत्रास पेटण्यास काडी लागत नाही ते प्रथम काड्यांच्याच कारखान्यात गेले, ही गंमत आमच्या बालवाचकांनी ध्यानी घ्यावी) व ते वारंवार बंद पडू लागले. गिऱ्हाइके संतापली, पेटंटांवरून तंटे सुरू झाले. अति श्रमाने डिझेल यांची प्रकृती त्याच वर्षी ढासळली आणि त्यांस आरोग्यधामात राहावे लागले. त्यांच्या डोकेदुखीने त्यांची पाठ पुढे जन्मभर सोडली नाही.

पुढे यंत्र सुधारले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यास सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तेथे असेच एक लहान यंत्र भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले, आणि ते इतके सुरळीत चालले की इंधन बदलले आहे हे फारच थोड्यांच्या लक्षात आले. १९१२ साली डेन्मार्कमध्ये बांधलेले सेलांडिया नावाचे जहाज डिझेल यंत्रांच्या बळावर पूर्वेकडे प्रवासास निघाले, आणि वाफेच्या जहाजांचे दिवस भरत आल्याचे जाणत्यांनी ओळखिले. मोठ्या कारखानदारांसमोर लहान कारागीर टिकावा, त्याच्या झोपडीतही स्वस्त शक्ती यावी, अशी डिझेल यांची मूळची इच्छा. मजूर व मालक यांनी सहकार्याने उद्योग चालवावेत असे सांगणारे एक पुस्तकही त्यांनी १९०३ मध्ये लिहिले. ते फारसे कोणी विकत घेतले नाही.

आणि घरचा हिशेब? ग्रॅमग्रॅम तेल तोलणाऱ्या या मनुष्याने स्वतःचा पैसा मात्र कधी तोलला नाही. म्यूनिचमध्ये प्रासादतुल्य घर बांधिले. जमिनींच्या व्यवहारात रकमा गुंतविल्या, गॅलिशियातील तेलाच्या विहिरींत घातल्या, त्या बुडाल्या. मूळ पेटंटांची मुदत संपली, मिळकत आटली. बाहेर सन्मान वाढत होते, आत तिजोरी रिती होत होती, आणि ही गोष्ट त्यांनी पत्नीपासूनही झाकून ठेविली. यंत्रातून कोठे काय निसटते ते शोधण्यासाठी त्यांनी लिंडे, श्रोटर, बुझ अशा जाणत्यांसमोर आपली वही उघडी केली होती. ही दुसरी वही मात्र त्यांनी कोणास दाखविली नाही. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील खरी शोकांतिका येथे आहे.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी सायंकाळी ते अँटवर्प येथे ड्रेस्डेन नावाच्या आगबोटीत बसले. इंग्लंडात त्यांच्या यंत्रांच्या कंपनीची सभा होती. बरोबरच्या दोघा स्नेह्यांसह त्यांनी जेवण घेतले, रात्री दहाच्या सुमारास सकाळी सव्वासहाला उठविण्यास सांगून ते आपल्या खोलीकडे गेले. सकाळी खोली रिकामी होती. बिछान्यास कोणाचा स्पर्श झालेला नव्हता. घड्याळ बिछान्यावरून दिसेल असे ठेविलेले होते. मागच्या डेकवर कठड्यापाशी त्यांची टोपी व नीट घडी केलेला डगला सापडला. दहा दिवसांनी एका डच नावेस समुद्रात एक प्रेत आढळले. खलाशांनी खिशातील वस्तू काढून घेऊन प्रेत पुन्हा पाण्यास दिले. चश्म्याचे घर, गोळ्यांची डबी, लहान चाकू इत्यादी त्या वस्तू वडिलांच्याच आहेत हे धाकटे चिरंजीव ऑयगेन यांनी ओळखिले.

निघण्यापूर्वी डिझेल यांनी पत्नीकडे एक पिशवी देऊन ती काही दिवसांनी उघडण्यास सांगितले होते. तीत वीस हजार मार्क रोख निघाले, आणि पेढ्यांवरील खाती जवळजवळ रिकामी झाल्याचे दाखविणारे कागद. त्यांच्या रोजनिशीत त्या तारखेपुढे एक फुली काढलेली होती. त्या काळच्या वृत्तपत्रांनी घातपाताच्या नाना कथा रचिल्या. परंतु तो कागद व ती फुली पाहता आम्हांस त्या कथांमागे धावावेसे वाटत नाही. समुद्रात त्या रात्री काय घडले हे पाहणारा कोणी नव्हता.

त्यांचे यंत्र मात्र चालतच राहिले. हवेच्या झोतावाचून तेल फवारण्याच्या युक्त्या निघाल्या. १९२७ मध्ये जर्मनीतील बॉश यांच्या कारखान्यातून त्यासाठी लहान व खात्रीचे पंप मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले, आणि बोजड यंत्र मालमोटारीत व पुढे मोटारीत मावू लागले. १९३६ साली मर्सिडिझ-बेन्झ कंपनीने २६० डी ही डिझेलवर चालणारी मोटार बाजारात आणिली. आपल्याकडे १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्करांनी तेलाच्या इंजिनांसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली, व तेथील इंजिने महाराष्ट्रातील विहिरींवर जाऊन बसली. जपानात मागोकिची यामाओका यांनी १९३३ साली शेतकऱ्यास परवडेल असे लहान डिझेल यंत्र तयार केले. त्यांनी १९५७ मध्ये ऑग्सबर्गच्या उद्यानात डिझेल यांच्या स्मरणार्थ जपानी पद्धतीची एक शिळावाटिका उभारून दिली. त्यासाठी लागणाऱ्या शिळा त्यांनी जपानाहून जहाजाने आणविल्या होत्या.